ब्रेक थंड होईपर्यंत विमान थांबलेच पाहिजे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचे पत्र छापून आले. मुंबईहून बेंगळुरूला निघालेले त्यांचे विमान सव्वा तास जागेवर उभे राहिले, भाचीच्या लग्नाचा मुहूर्त चुकला, आणि कारण काय, तर म्हणे ‘ब्रेक गरम झाले आहेत’. ही निव्वळ थाप आहे, कंपन्या आपला गलथान कारभार झाकण्यासाठी असली कारणे पुढे करतात आणि हवेत उडणाऱ्या यंत्राच्या ब्रेकचे एवढे काय घेऊन बसलात, असा त्यांचा सवाल आहे. त्यांचा मुहूर्त चुकला याचे मला मनापासून वाईट वाटते. पण त्या सव्वा तासाबद्दल त्यांनी लिहिले आहे ते चुकीचे आहे. ते पुष्कळ लोकांनी वाचले असणार, म्हणून हे उत्तर. जरा लांबेल, पण शक्यतो न कापता छापावे ही विनंती.

मी मुंबई विमानतळावर एका विमान कंपनीच्या व्हील अँड ब्रेक शॉपमध्ये तीसेक वर्षे नोकरी केली. अंबरनाथला आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून लागलो आणि चार्जहँड म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षे लाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष उभ्या विमानाखाली, बहुतेक रात्रपाळीलाच होतो. चाके, टायर, ब्रेक, बेअरिंग आणि हायड्रॉलिकचे जांभळे तेल यांतच माझे सगळे आयुष्य गेले.

आता ब्रेकचे बघू. एअरबस ए-३२० घ्या, कारण आपल्यापैकी बरेच जण त्याच जातीच्या विमानाने जातात. प्रवासी, सामान आणि उरलेले इंधन धरून साठेक टन वजनाचे ते धूड ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धावपट्टीला टेकते. पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे हवा अडवणाऱ्या फळ्या, उघडतात, इंजिनांचा झोत पुढे वळवणारे रिव्हर्सर मदत करतात, तरी बरेचसे ओझे मागच्या चार मुख्य चाकांच्या ब्रेकवर येते. प्रत्येक चाकाच्या पोटात कार्बनच्या जाड चकत्यांची चवड असते. एक चकती चाकाबरोबर फिरणारी, तिच्या शेजारची जागच्या जागी स्थिर, पुन्हा एक फिरणारी, अशी. ब्रेक लागला की हायड्रॉलिक तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे येतात आणि ती चवड आवळतात. विमानाचा वेग तिथे उष्णता होऊन साठतो. पूर्वी चकत्या पोलादी असत. कार्बनच्या चकत्या प्रवासी विमानांत प्रथम आल्या त्या ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या काँकॉर्डवर. त्या हलक्या असतात आणि जास्त तापमान सोसतात, पण पोटात घेतलेली उष्णता त्यांनाही कुठेतरी सोडावीच लागते, आणि त्याला वेळ लागतो.

गृहस्थ लिहितात की विमान उतरून अर्धा तास झाला होता, मग ब्रेक गरम राहतीलच कसे? त्याचे उत्तर असे. उष्णता चकत्यांच्या आत असते आणि तापमान मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत ती हळूहळू येते. विमान बेवर, म्हणजे उभे राहण्याच्या जागेवर, येऊन थांबल्यानंतरही दहा-पंधरा मिनिटे कॉकपिटमधला आकडा चढतच असतो. त्यात आपल्याकडची विमाने दिवसाला चार-पाच, कधी सहा फेऱ्या करतात. उतरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात परत निघायचे असते. मागच्या लँडिंगची उष्णता पुरती गेलेली नसते, तोवर पुढच्याची भर पडते. त्यात मे महिन्यातली मुंबई. दुपारी दोन वाजता रॅम्पचे, म्हणजे विमाने उभी राहतात त्या पटांगणाचे, काँक्रीट बुटाच्या तळव्यातून जाणवते. अशा हवेत ब्रेक निवणार तरी किती लवकर? काही विमानांच्या चाकांत पंखे बसवलेले असतात, त्यांनी वेळ वाचतो, पण ते सगळ्याच विमानांवर नसतात. आणि पाणी मारून ब्रेक थंड करायचा नसतो. तापलेल्या धातूवर एका बाजूने पाणी पडले तर चाक तडकू शकते.

ए-३२०च्या ब्रेकचे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर उड्डाण करायचे नाही, असा नियम आहे. नियम ब्रेक खराब होतील म्हणून केलेला नाही, ब्रेक याहून कितीतरी जास्त सोसतो. उड्डाणानंतर चाके विमानाच्या पोटात जातात. त्या खणात हायड्रॉलिकच्या नळ्या असतात. एखाद्या नळीतून गळणारे तेल तापलेल्या ब्रेकवर पडले तर बंद खणात आग लागेल, आणि तिथे ना वैमानिक जाऊ शकत, ना हवाई सुंदरी. शिवाय दुसरे कारण आहे. विमान धावपट्टीवर वेग घेत असताना काही बिघडले तर वैमानिकाला उड्डाण सोडून थांबावे लागते. त्या वेळी टाकीत भरपूर इंधन असते, म्हणजे वजन उतरतानाच्या वजनापेक्षा जास्त, आणि पुढे उरलेली धावपट्टी कमी. ब्रेकला सगळ्यात मोठे काम नेमके तेव्हा करायचे असते. ते आधीच तापलेले असतील तर ती उष्णता घ्यायला त्यांच्यात जागा राहत नाही.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून निघालेले मेक्सिकाना कंपनीचे बोइंग ७२७ विमान डोंगरात कोसळले आणि त्यातले सर्व १६७ जण गेले. त्या विमानाचा एक ब्रेक पूर्ण सुटत नव्हता, चाकाला घासत होता. उड्डाणाच्या धावेतच तो भयंकर तापला आणि तसाच पोटात गेला. त्या चाकाच्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. तापलेल्या रबराचे वायू आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले आणि सुमारे पंधरा मिनिटांनी तो टायर बॉम्बसारखा फुटला. इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या, विजेच्या तारा, सगळे तुटले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने मोठ्या विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजनच असला पाहिजे, असा आदेश काढला. आमच्या शॉपमध्ये त्याआधीही नायट्रोजनच वापरत, पण त्या अपघातानंतर सिलिंडर जोडण्यापूर्वी त्याच्यावरचे नाव दोघांनी वाचायचे अशी शिस्त लागली, ती मी निवृत्त होईपर्यंत टिकून होती.

विमानाच्या टायरबद्दल लोकांच्या मनात स्वतःच्या गाडीचा टायर असतो, आणि घोटाळा तिथून सुरू होतो. गाडीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड दाब असतो, ए-३२० किंवा बोइंग ७३७च्या मुख्य टायरमध्ये दोनशेच्या आसपास. त्यावरच्या खाचा फक्त गोल गोल, चाकाच्या फिरण्याच्या दिशेने असतात, पाणी बाजूला काढण्यासाठी. टायर उभ्या विमानाचे वजन पेलतो आणि टेकण्याच्या क्षणी शून्यातून एकदम अडीचशेच्या वेगाला येतो. तेव्हा उठणारा निळसर धूर सगळ्यांनी पाहिलेला असतो. साधारण दोनशे-तीनशे लँडिंगनंतर वरचा थर संपतो. मग टायर कारखान्यात जातो, आतला सांगाडा तपासला जातो आणि निर्दोष असेल तर त्यावर नवा थर चढवतात. ‘रीट्रेड’ हे ऐकून लोक दचकतात. दचकू नये. एक सांगाडा अशा अनेक फेऱ्या करतो आणि प्रत्येक फेरीला त्याची तपासणी होते. मी स्वतः रीट्रेड टायरवर माझ्या मुलाबाळांना घेऊन बसलो आहे.

मला भीती वाटते ती कमी दाबाची. कमी दाबाचा टायर डोळ्यांना दिसत नाही. एका आसावर दोन टायर असतात. एकाचा दाब उतरला तर शेजारचा त्याचे वजन आपल्या अंगावर घेतो, आणि दोन्ही तितकेच फुगलेले दिसतात. म्हणून रोज गेज लावून दाब बघायचा, आणि तोही टायर थंड असताना, म्हणजे विमान उतरल्यानंतर निदान दोन-तीन तासांनी. गरम टायरचा आकडा फसवा असतो. आकडा किंचित कमी आला तर नायट्रोजन भरून नोंद करायची. ठरलेल्या दाबाच्या ९० टक्क्यांखाली आला तर टायर काढायचा. ८० टक्क्यांखाली आला तर तो आणि त्याचा जोडीदार, दोन्ही काढायचे, कारण जोडीदाराने किती ओझे सोसले ते बाहेरून कळत नाही. दोन चाके बदलायची म्हणजे जॅक, नवी चाके, माणसे आणि वेळ. खिडकीतून बघणाऱ्याला वाटते, हवा भरा आणि निघा ना!

असे ‘हवा भरा आणि निघा’सुद्धा ज्यांनी केले नाही त्यांचे काय झाले ते सांगतो. ११ जुलै १९९१, जेद्दा. नायजेरियाच्या हाज यात्रेकरूंना परत सोकोटोला नेण्यासाठी कॅनडाच्या एका कंपनीचे डीसी-८ विमान भाड्याने घेतले होते. टायरचे दाब कमी आहेत हे कंपनीच्या माणसांना काही दिवस आधीपासून ठाऊक होते. मुख्य मेकॅनिकला नायट्रोजन हवा होता, तो जवळपास मिळाला नाही, आणि त्यासाठी विमान थांबवायला कंपनीचा व्यवस्थापक तयार झाला नाही. दाबाच्या नोंदवहीत आकडेही बदलले गेले, असे चौकशीत आढळले. धावेत आधी शेजारच्या, जास्त ओझे घेतलेल्या टायरने मान टाकली, लगोलग कमी दाबाचा टायर गेला, चाक फिरायचे थांबले आणि धावपट्टीवर घासत पेटले. टायर गेला असावा अशी शंका वैमानिकांना आली, पण आग लागली आहे हे समजले नाही. त्यांनी चाके आत घेतली, आणि आगही चाकांबरोबर विमानाच्या पोटात गेली. विमान जेद्दाला परत फिरले, पण धावपट्टीपर्यंत पोचू शकले नाही. २६१ माणसे गेली.

हाजच्या मोसमात आमच्या कंपनीची माणसेही जेद्दाला ड्युटीला जात. मीही गेलो आहे. त्या मोसमात तिथे काय असते हे ज्याने पाहिले नाही त्याला कळणार नाही. पांढऱ्या कपड्यांतली, थकलेली, आनंदलेली, झमझमचे डबे कवटाळून बसलेली म्हातारी माणसे, एकामागे एक विमाने, हँगरमध्ये जागा नाही, फोनवर सतत कोणीतरी विचारतेय, विमान कधी सुटणार. त्या अपघाताचा विचार करताना मला नेहमी तो नायट्रोजन मागणारा मेकॅनिक आठवतो. त्याला काम येत होते, दोष कळला होता, उपाय माहीत होता. त्याला मिळाला नाही तो वेळ, आणि ‘नाही, हे विमान आत्ता जाणार नाही’ म्हटल्यावर पाठीशी उभे राहणारे माणूस.

म्हणून सव्वा तास उशीर झाला या तक्रारीत मला त्या वैमानिकाचा आणि इंजिनिअरचा दोष दिसत नाही. त्यांना तो सव्वा तास मिळाला, याचे समाधान वाटते.

चाकात एक छोटी वस्तू असते, तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. रिमच्या आतल्या बाजूला काही बुचे असतात, त्यांना आम्ही फ्यूज प्लग म्हणतो. त्यांच्या गाभ्यात ठरावीक तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. ब्रेक फारच तापला आणि चाक त्या मर्यादेपलीकडे गेले की गाभा वितळतो आणि नायट्रोजन सूं करत निघून जातो. टायर बसतो, पण फुटत नाही. विमान धावपट्टीवर अडकून पडते, दुसऱ्या दिवशी ‘टायर पंक्चर, मोठा अनर्थ टळला’ अशी बातमी येते. अनर्थ त्या बुचानेच टाळलेला असतो. फुटणारा टायर जवळच्या माणसाला जिवंत सोडत नाही. म्हणूनच तापलेल्या चाकाकडे कधी बाजूने जायचे नाही, पुढून किंवा मागून जायचे, हे अप्रेंटिसला पहिल्या दिवशी शिकवतात.

शॉपमधले कामही सांगतो, कारण कांडल्याच्या घटनेनंतर मला शेजारीपाजारी खूप विचारले गेले. १२ सप्टेंबर २०२५ रोजी कांडल्याहून मुंबईला येणाऱ्या क्यू-४०० विमानाचे एक बाहेरचे चाक उड्डाण करताना निखळून खाली पडले, एका प्रवाशाने खिडकीतून त्याचे चित्रीकरण केले, आणि विमान मुंबईत सुखरूप उतरले. ते का झाले ते सांगणे चौकशी करणाऱ्यांचे काम आहे. चाक बसवतात कसे, एवढे मी सांगू शकतो.

विमानाचे चाक दोन अर्ध्या भागांचे असते, मधून लांब बोल्टांनी जोडलेले. शॉपमध्ये आलेल्या चाकाचा दाब आधी पूर्ण शून्यावर आणायचा, व्हॉल्व्हचा गाभा काढून ठेवायचा, आणि मगच बोल्टला पाना लावायचा. दाब असताना बोल्ट सैल केल्यामुळे जगभरात माणसे गेली आहेत. टायर निघाला की दोन्ही अर्धी धुऊन, रंग काढून, टायर जिथे टेकतो त्या कडेची एडी करंटने तपासणी करायची. डोळ्यांना न दिसणारी चीर तिथेच निघते. बोल्टांची तपासणी चुंबकीय पद्धतीने वेगळी. बेअरिंगचा एकेक रोलर उजेडात फिरवून बघायचा. निळसर डाग म्हणजे तापलेले, बारीक खड्डा म्हणजे गंजाची सुरुवात; दोन्ही भंगारात. चांगल्या बेअरिंगमध्ये ग्रीस तळहाताने दाबून भरायचे, ते दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. आमचे फोरमन ग्रीसच्या डब्याला झाकण नसलेले पाहिले की अख्खा डबा फेकायला लावत, कारण विमानतळालगतच्या कालिनाच्या हवेतली धूळ बेअरिंग खाते. टायर चढवल्यावर चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून नायट्रोजन भरायचा. नवा टायर ताणतो, दाब पडतो, तो पुन्हा भरायचा आणि मग चोवीस तास ठेवून किती उतरतो ते बघायचे. पाच टक्क्यांपेक्षा जास्त उतरला तर चाक शॉपच्या बाहेर जात नाही. विमानावर बसवताना आसाचा नट आधी चाक फिरवत फिरवत जोरात आवळायचा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसते. मग सैल करायचा. मग कमी टॉर्कने पुन्हा आवळून लॉक करायचा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि पावसात, पहाटे तीन वाजता तर फारच. पण ती गाळता येत नाही. पहिल्या आवळण्याशिवाय बेअरिंग बसत नाही, आणि आवळलेलेच ठेवले तर ते तापून जळते.

पावसाळ्यातले एक चाक माझ्या चांगले लक्षात आहे. टायरमध्ये कशाचा तरी पत्रा घुसून खोल चीर पडली होती, आतले धागे दिसत होते. म्हणजे प्रश्नच नव्हता, चाक बदलायचे. जॅक लावायच्या जागी पाणी साचलेले, वारा असा की अंगावरचा रेनकोट उलटा होत होता. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि एक विमान अडले की मागची सगळी रांग घसरते. कंपनीच्या ट्रॅफिक खात्याचा माणूस दोनदा येऊन विचारून गेला. ड्युटीवरचे इंजिनिअर शांतपणे म्हणाले, ‘नट दोनदा आवळायचा आहे, तो दोनदाच आवळला जाईल.’ विमान दीड तास उशिरा गेले. उतरताना प्रवाशांनी त्या इंजिनिअरला काय काय ऐकवले असते, याची मला कल्पना आहे. पण ते इंजिनिअर प्रवाशांना कधीच भेटले नाहीत.

पत्र्याचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगतो. २५ जुलै २००० रोजी पॅरिसला काँकॉर्ड पडले, त्याची सुरुवात धावपट्टीवर पडलेल्या टायटॅनियमच्या एका पट्टीने झाली. काही मिनिटांपूर्वी उडालेल्या दुसऱ्या विमानाची ती पट्टी होती आणि ती नीट बसवलेली नव्हती. काँकॉर्डचा टायर तिच्यावरून गेला, फुटला, साडेचार किलोचा रबराचा तुकडा पंखाखाली आदळला आणि टाकी फुटली. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण मेले. एका विमानाच्या दुरुस्तीतली हयगय दुसऱ्या विमानाच्या टायरखाली आली. तेव्हापासून रॅम्पवर पडलेला स्क्रू दिसला आणि कोणी उचलला नाही, तर मला संताप येतो.

आता हायड्रॉलिक. ए-३२० मध्ये हिरवी, पिवळी आणि निळी अशा तीन स्वतंत्र यंत्रणा असतात. दाब दर चौरस इंचाला ३००० पौंड. चाके खाली-वर करणे, ब्रेक, पंखांवरचे फ्लॅप, सगळे त्या दाबावर चालते. एक गेली तर दुसरी असते, चाके खाली आणायला हाताने फिरवायची व्यवस्था कॉकपिटमध्ये असते. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या बोइंग ७३७ मध्ये हायड्रॉलिकचा बिघाड झाला, तेव्हा १४१ प्रवाशांना घेऊन वैमानिकांनी दोन तासांहून जास्त वेळ घिरट्या घातल्या. ७३७ मधून इंधन हवेत सोडता येत नाही, ते जाळूनच वजन कमी करावे लागते. मग त्यांनी विमान अलगद उतरवले. अनेक वाहिन्यांनी त्या दोन तासांची भयकथा केली. मी टीव्हीसमोर बसून घरच्यांना सांगत होतो की ही माणसे घाई करत नाहीत, म्हणजे काम बरोबर चालले आहे.

यंत्रणा तीन असोत की चार, बिनचूक दुरुस्ती नसेल तर त्याही पुऱ्या पडत नाहीत. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या जंबो विमानाच्या चारही हायड्रॉलिक यंत्रणा एकदम गेल्या आणि ५२० माणसे मेली. सात वर्षांपूर्वी त्याच विमानाची शेपूट धावपट्टीला घासली होती. तेव्हा मागच्या पडद्याच्या, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब अडवणाऱ्या धातूच्या भिंतीच्या, दुरुस्तीत रिव्हेटच्या दोन ओळींचे काम एका ओळीवर निभावले होते. तो पडदा हवेत फुटला आणि शेपटीतल्या सगळ्या नळ्या घेऊन गेला. सात वर्षे ती एक ओळ टिकली म्हणजे ती बरोबर होती असे कोणी म्हणेल का?

हे जांभळे तेल अंगावर पडले तर चामडी जळजळते, डोळ्यात गेले तर माणूस आंधळ्यासारखा नळाकडे धावतो. बारीक भोकातून ३००० पौंडांनी येणारी चिळकांडी दिसतही नाही, पण कातडीतून आत घुसते आणि बोट कापायची वेळ येते. म्हणून गळती शोधताना हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. गळती किती चालते याचेही नियम आहेत, कुठे मिनिटाला किती थेंब ते पुस्तकात लिहिलेले असते. तंत्रज्ञ घड्याळ हातात धरून विमानाखाली उकिडवा बसतो आणि थेंब मोजतो. वरून प्रवाशांना वाटते, हा नुसता बसलाय. चाकाच्या दांड्यात शॉक अब्सॉर्बर असतो, त्यातही तेल आणि नायट्रोजन. तो किती बाहेर आहे ते मोजून दाबाशी ताडून बघावे लागते. चकचकीत नळीवरची धूळ तेलाच्या फडक्याने पुसायची, नाहीतर ती सील कापते. लँडिंग गिअर सुमारे दहा वर्षांनी सबंध उतरवून ओव्हरहॉलला जाते. ते पोलाद इतके ताणलेले असते की साधा ओरखडाही मोजून लिहावा लागतो.

चाकाखाली उभे राहण्यापूर्वी लॉकच्या पिना घालायच्या असतात, लाल फिती लटकणाऱ्या. १८ जून २०२१ रोजी लंडनच्या हीथ्रोवर एका बोइंग ७८७ ड्रीमलायनर विमानाचे नाक जमिनीवर बसले, ते एका पिनमुळे. पिन शेजारच्या चुकीच्या भोकात गेली होती. मुख्य मेकॅनिकचा हात तिथे पोचत नव्हता, म्हणून त्याने उंच सहकाऱ्याला जागा बोटाने दाखवली, आणि सहकाऱ्याने तिच्या शेजारच्या भोकात पिन घातली. तपासणीसाठी कॉकपिटमधला चाके आत घेण्याचा दांडा वर केला आणि नाकाचे चाक आत गेले. दोघांना किरकोळ लागले, एवढ्यावर निभावले. ते भोक बुजवण्याचा आदेश आधीच निघालेला होता, फक्त त्याची मुदत अजून संपलेली नव्हती. दोन्ही माणसे जाणती होती. म्हणून मला वाटते, अशा कामाला पुरेसा उजेड, चढायला योग्य स्टूल आणि दुसऱ्याचे काम स्वतः वर चढून बघायला दहा मिनिटे, एवढे मिळालेच पाहिजे.

डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांवर देशभर चर्चा झाली, कारण विमाने रद्द झाली आणि लोक विमानतळावर अडकले. ती चर्चा रास्त होती. तशीच चर्चा विमानाखालच्या माणसाच्या रात्रपाळीवर व्हायला हवी. पहाटे तीन ते पाच या वेळेत डोळे उघडे असले तरी आकडा वाचायला चूक होते, हे रात्रपाळी केलेल्या कोणालाही विचारा. आता नवी मुंबईचे विमानतळही आले आहे, विमाने वाढणार, माणसे लागणार. ती माणसे तयार करायला वर्षे जातात. नोकरभरतीच्या जाहिरातीने ती महिन्यात उभी राहत नाहीत.

पत्रलेखक गृहस्थांची एक तक्रार मात्र अगदी योग्य आहे, आणि तिथे मी त्यांच्या बाजूने आहे. त्यांना पहिला पाऊण तास कोणी काही सांगितलेच नाही. कंपन्यांनी हे बदलावे. ‘तांत्रिक कारणामुळे विलंब’ एवढ्यावर माणसाचे समाधान होत नाही आणि होऊही नये. ‘ब्रेकचे तापमान आत्ता ३८० अंश आहे, ३००च्या खाली आले की निघू, दर दहा मिनिटांनी आकडा सांगतो’ असे वैमानिक बोलला, तर गाडीत नेहमी बसणारा कुठलाही माणूस ते समजून घेईल. चाक बदलायचे असेल तर तसे सांगावे, कोणते आणि का तेही. लोकांना अंधारात ठेवले की लोक थाप समजतात, आणि त्यांचा राग समोर दिसेल त्यावर, म्हणजे बहुतेक वेळा त्या बिचाऱ्या केबिनमधल्या मुलींवर निघतो.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. विमानाचा टायर बसला, विमान परत आले, उशिरा सुटले, अशी बातमी देताना तिच्यात एक ओळ विमानाची दुरुस्ती आणि तपासणी करणाऱ्या इंजिनिअरच्या म्हणण्याची असावी. प्रवाशाची प्रतिक्रिया तुम्ही घेता, प्रवक्त्याची घेता. ज्याच्या सहीशिवाय विमान जागचे हलत नाही त्याला मात्र कोणी विचारत नाही. कंपनी त्याला बोलू देत नाही हे मला माहीत आहे. पण निवृत्त झालेले आमच्यासारखे पुष्कळ जण डोंबिवली, बदलापूर, विरारला राहतात आणि फोन केला तर रात्री-अपरात्रीही उचलतात.

आपला,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ, बदलापूर